पहिलाच परदेश प्रवास, आईसोबत बँकॉक: प्लॅन जरा तपासून द्याल का?

बकुळ

नमस्कार मंडळी. आजवर इथे वाचनमात्र होते, धागा पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

आई यंदा निवृत्त झाली. "मला एकदा पासपोर्टवर शिक्का बघायचाय," एवढीच तिची मागणी. म्हणून नोव्हेंबरअखेरीस आम्ही दोघीच बँकॉकला निघालोय. दोघींचाही हा पहिलाच परदेश. गुरुवारी रात्री निघून शुक्रवारी पहाटे साडेपाचच्या सुमारास सुवर्णभूमी विमानतळावर उतरू, सोमवारी रात्री परतीचं विमान. तिकिटं काढून झाली, हॉटेल अजून ठरलेलं नाही.

आईचे गुडघे दुखतात. सपाटीवर छान चालते, जिने आले की थांबत थांबत. ती शाकाहारी आहे, अंडंही खात नाही. मला काहीही चालतं. इंग्रजी दोघींचं कामापुरतं.

आमच्या ओळखीतल्या एकांनी ही यादी दिली आहे:

शुक्रवार: विमानतळावरून थेट ग्रँड पॅलेस, मग वाट फो, वाट अरुण (वाट म्हणजे देऊळ), रात्री चायनाटाउन.
शनिवार: डॅम्नेन सादुआकचा तरंगता बाजार, परत येऊन मॉल.
रविवार: पट्टाया आणि कोरल आयलंड.
सोमवार: सफारी वर्ल्ड, चाटुचाक मार्केट, विमानतळ.

हे जमेल का? राहायचं कुठल्या भागात? टॅक्सीवाले फसवतात असं सगळीकडे वाचलं, ते कितपत खरं? आणि मुख्य म्हणजे दोन बायकांनी संध्याकाळी बाहेर फिरणं सुरक्षित आहे का? मावशी रोज फोन करून सांगतेय की ग्रुप टूरनेच जा. मला ते नकोय, पण आईला घेऊन जायचं म्हटल्यावर पोटात गोळा येतोच.

मुसाफिर_काका

ज्यांनी ही यादी दिली त्यांना माझा साष्टांग दंडवत. चाटुचाकचा मोठा बाजार शनिवार-रविवारी भरतो. सोमवारी जाऊन बंद शटरांसमोर फोटो काढणार का? :)

बाकी मावशींचं ऐका. पहिल्या वेळी ग्रुप टूर बरी. बस दारात येते, जेवण आपलं मिळतं, डोक्याला ताप नाही.

नदीकाठ

बकुळ, यादी वाचून माझेच गुडघे दुखायला लागले.

मी बँकॉकमध्ये नोकरीला होते, सिलोम भागात राहायचे. आईवडील, सासूबाई, मैत्रिणी, मैत्रिणींच्या सासवा असे इतके पाहुणे त्या शहरात फिरवलेत की आता मला गाइडचं लायसन द्यायला हरकत नाही. त्यातून एक मत पक्कं झालंय. बँकॉकमध्ये चोरापेक्षा दमणूक जास्त महागात पडते. रात्रभर न झोपलेला, उन्हात उभा राहिलेला, तहानलेला माणूस समोरचा जो कोणी हसून "हॅलो मॅडम" म्हणेल त्याच्या मागे जातो. ग्रँड पॅलेसच्या बाहेरचे ठग नेमके असेच चेहरे हेरतात. तेव्हा सुरक्षेची सुरुवात यादीतल्या निम्म्या जागा खोडण्यापासून करा.

पट्टाया दीडशे किलोमीटर आहे आणि तरंगता बाजार शंभरेक. दोन्हींचा जाऊन-येऊन वेळ काढला तर तुमची अर्धी सहल गाडीच्या खिडकीतून होईल. दोन्ही खोडा. सफारी वर्ल्डही खोडा, ते लहान मुलं सोबत असतील तेव्हा. उरलं ते शहर, आणि ते एवढ्या दिवसांना भरपूर आहे.

राहायचं कुठे, यावर अर्धी सहल ठरते. लोक स्वस्त खोली बघतात, मी स्टेशन बघते. सिलोम स्टेशन (एमआरटी, म्हणजे जमिनीखालची मेट्रो) आणि साला डेंग स्टेशन (बीटीएस, म्हणजे पुलावरून धावणारी) ही एकमेकांना जोडलेली आहेत. या जोडीपासून पाच-सात मिनिटांच्या चालीवर हॉटेल घ्या. इथून निळ्या एमआरटीने गाडी न बदलता पाचवं स्टेशन सनम चाई, तिथून वाट फो चालत. बीटीएसने चार स्टेशनांवर सफान ताक्सिन, त्याच्या खालीच नदीचा धक्का. समोर लुंपिनी पार्क. म्हणजे तुम्हाला जे बघायचंय त्यातलं बहुतेक टॅक्सीत न बसता होतं, आणि जिथे टॅक्सी नाही तिथे टॅक्सीचं भांडणही नाही. सुखुमवित रस्त्यावरचं असोक स्टेशनही असंच दोन मार्गांच्या सांध्यावर आहे, पण मंदिरं आणि नदी तिथून लांब पडतात.

हॉटेलचं बुकिंग गुरुवारच्या रात्रीपासून करा. हो, त्या रात्री तुम्ही विमानात असाल, तरीही. हॉटेलं दुपारी दोनला खोली देतात. पहाटे सहाला उतरलेल्या आईंना आठ तास लॉबीत बसवायचं का? हॉटेलला आधीच ईमेल करून कळवा की आम्ही शुक्रवारी सकाळी सातला पोचू, नाहीतर रात्री कोणी आलं नाही म्हणून ते बुकिंग रद्द करतील. एका रात्रीचे जादा पैसे जातात खरे. माझ्या मते अख्ख्या सहलीतला हाच सर्वांत शहाणा खर्च. आंघोळ, तीन तास झोप, मग शहर.

विमानतळाचं सांगते. थायलंडच्या इमिग्रेशनचं एक डिजिटल कार्ड भरावं लागतं, टीडीएसी म्हणतात त्याला. १ मे २०२५ पासून ते सगळ्या परदेशी प्रवाशांना सक्तीचं झालं. पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचं, आणि ते फुकट असतं. शोधताना वरती पैसे मागणाऱ्या साइट दिसतील, त्या सरकारी नाहीत. पत्त्याच्या शेवटी थाई सरकारचं 'डॉट जीओ डॉट टीएच' आहे ना, तेवढं बघा. व्हिसाचे नियम वरचेवर बदलतात, म्हणून निघण्यापूर्वी दूतावासाच्या साइटवर एकदा डोळ्याखालून घाला, कुणाच्या जुन्या पोस्टवर विसंबू नका. माझ्याही नाही. परतीचं तिकीट आणि हॉटेलचं बुकिंग छापून हातात ठेवा, खिडकीवर विचारू शकतात.

बाहेर आलात की "टॅक्सी, टॅक्सी" करत काही जण मागे लागतील. त्यांच्याकडे न बघता खाली पहिल्या मजल्यावर जा. तिथे मशीनमधून चिठ्ठी घ्यायची, चिठ्ठीवर लेनचा आकडा असतो, त्या लेनमध्ये उभी असलेली तुमची टॅक्सी. मीटर ३५ बाहतवर (बाहत म्हणजे तिथलं चलन) सुरू होतो. मीटरवर विमानतळाचे ५० बाहत वेगळे, आणि एक्सप्रेसवेचा टोल तुम्ही भरायचा. हे फसवणं नाही, रीतच आहे. सिलोमपर्यंत सगळं धरून ४०० ते ४५० बाहत समजा. पहाटे रस्ते मोकळे असतात आणि सोबत बॅगा असतात, त्यामुळे येताना टॅक्सीच घ्या. चिठ्ठी सोडू नका, तिच्यावर गाडीची माहिती असते.

जाताना मात्र उलट. सोमवारी संध्याकाळचं ट्रॅफिक भयंकर असतं. तेव्हा एमआरटीने पेचबुरी, तिथून मक्कासनला एअरपोर्ट रेल लिंक. गाडी वेळेत पोचते. पासपोर्टवर शिक्का बसून आत गेलात की समुद्रमंथनाचं भलंमोठं शिल्प दिसेल, वासुकी, देव, दानव, वर विष्णू. ते फक्त जाणाऱ्यांनाच दिसतं, येणाऱ्यांच्या वाटेवर नाही. आईंचा तिथे फोटो काढा.

मुसाफिर_काका, ग्रुप टूरबद्दल: बऱ्याच टूरमध्ये बस रत्नांच्या दुकानात थांबवतात आणि तासभर हलत नाहीत. फसवणूक म्हणत नाही मी त्याला, पण गुडघे तिथेही दुखतातच. बाकी जेवणाचं म्हणणं मान्य.

दिवसांचं उद्या लिहिते, आता ऑफिसचं काम आहे.

खिडकीवाली

नदीकाठताईंना +१. मी एकटीने फिरते, बँकॉकलाही एकटीच गेले होते, म्हणून रात्रीचं मी सांगते.

साला डेंग, सियाम, असोक या भागांत रात्री दहा-साडेदहापर्यंत रस्त्यावर भरपूर माणसं असतात. बायका एकट्या जेवतात, एकट्या बीटीएसने घरी जातात. कोणी टक लावून बघत नाही, हे मला सर्वांत आवडलं. एक गोष्ट आधीच सांगते: सिलोमलाच लागून पॅटपाँग नावाची गल्ली आहे, रात्रीचा बाजार आणि मधे मधे बार. तिथे दारात उभे असलेले लोक "शो बघा, फुकट" म्हणत कार्ड दाखवतात. वरच्या मजल्यावर नेऊन अचाट बिल लावण्याचा तो प्रकार आहे. नुसतं मान हलवून पुढे चालत राहायचं. रस्ता धोक्याचा नाही, आत जाऊ नका इतकंच.

रात्री टॅक्सी लागलीच तर ग्रॅब ॲपवरून बोलवा. भाडं आधी दिसतं, गाडीचा नंबर दिसतो, कुठे चाललोय ते घरी शेअर करता येतं. रस्त्यावर हात दाखवून थांबवलेल्या टॅक्सीवाल्याने मीटर नको म्हटलं की दार लावून पुढची बघायची, वाद घालायचा नाही. टुकटुक एकदा मजेसाठी घ्या, पण भाडं आधी ठरवून. आणि फारच स्वस्त सांगितलं तर बसूच नका. वीस-चाळीस बाहतमध्ये शहर फिरवतो म्हणणारा तुम्हाला रत्नांच्या नाहीतर शिंप्याच्या दुकानात नेणार, कमिशन त्याला तिथे मिळतं.

नंबर फोनमध्ये घालून ठेवा: पर्यटक पोलीस ११५५ (इंग्रजीत बोलतात), ॲम्ब्युलन्स १६६९. भारतीय दूतावास सुखुमवितच्या सोई २३ मध्ये (सोई म्हणजे गल्ली) आहे, असोकपासून जवळ. पासपोर्टची पहिली पानं आणि प्रवेशाचा शिक्का यांचे फोटो दोघींच्या फोनमध्ये हवेत, एकीच्याच नाही.

मोबाइलसाठी इ-सिम घेतलंत तर उतरल्याबरोबर नेट चालू होतं. नकाशा नसेल तर ताई म्हणतात तशी दमणूक दुप्पट.

बकुळ

बापरे, किती छान आणि किती पटकन लिहिलंत! गुरुवारच्या रात्रीचं बुकिंग हे माझ्या डोक्यातही आलं नसतं. आईला वाचून दाखवलं, ती म्हणाली, "या नदीकाठबाईंचं ऐकायचं." पट्टाया खोडलं. सफारी खोडली. तरंगता बाजार खोडताना थोडा जीव तुटला, पण खोडला.

दोन प्रश्न. एक, ग्रँड पॅलेस "आज बंद आहे" असं सांगून फसवतात म्हणे, मग खरंच बंद असेल तर कसं कळायचं? दोन, आईच्या जेवणाचं काय? फिश सॉस सगळ्यातच असतो असं वाचलं आणि तिने सरळ खाकऱ्याची यादी करायला घेतली आहे.

नदीकाठ

खाकरे न्या. भूक लागलेली आई आणि वीस मिनिटांवरचं हॉटेल, यांच्या मधे खाकरा लागतोच.

शुक्रवार. झोपून उठलात की लुंपिनी पार्क. तळ्याकाठी घोरपडीच्या जातीचे मोठमोठे सरडे आरामात हिंडत असतात, चांगले माणसाएवढे लांब. पाण्यातून निघून गवतावर येतात आणि कोणाला काही वाटत नाही. त्यांना खायला घालू नका, वाटेतून बाजूला व्हा, बस. त्या दिवशी मोठं काही नाही. चारनंतर सफान ताक्सिनला जाऊन धक्क्यावरून केशरी झेंड्याची बोट पकडा. ती रोजच्या प्रवाशांची बोट, तिकीट पंधरा-सोळा बाहत, सगळीकडे एकच दर. धक्क्यावर पर्यटकांच्या बोटीचं तिकीट पुढे करतील, तीही वाईट नाही, पण महाग. प्रवाहाच्या उलट दिशेने जाताना वाट अरुण नदीतूनच बघा आणि अंधार पडायच्या आत परत या, कारण केशरी बोटी संध्याकाळी लवकर थांबतात. बोटीत भिक्खूंसाठी राखीव जागा असते, तिथे बसायचं नाही. बायकांनी भिक्खूंना स्पर्श करायचा नसतो, गर्दीत तेवढं लक्ष ठेवा.

शनिवार ग्रँड पॅलेस. साडेआठला उघडतं, तेव्हा दारात असायला हवं. दहानंतर गर्दी आणि ऊन दोन्ही असह्य. तिकीट ५०० बाहत, साडेतीनला विक्री बंद. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. आईंना साडी किंवा पंजाबी ड्रेस असला तर प्रश्नच नाही. चपला सहज निघतील अशा घाला, देवळाबाहेर दर वेळी वाकून नाड्या सोडायला लागल्या तर गुडघ्यांचं काय होईल ते सांगायला नको.

आता तुमचा प्रश्न. बाहेर एखादा नीटनेटका, गळ्यात ओळखपत्र घातलेला माणूस सांगेल की आज बौद्ध सण आहे, पॅलेस दुपारी उघडेल, तोवर एका खास बुद्धाचं दर्शन घेऊन या, ही टुकटुक माझ्या ओळखीची आहे. हे शंभर टक्के थाप. पण राजघराण्याच्या विधींसाठी पॅलेस किंवा त्यातला काही भाग कधी कधी खरोखर बंद असतो, म्हणून आदल्या रात्री त्यांच्या अधिकृत साइटवर बघा. मग सकाळी रस्त्यावर कोणी काहीही सांगो, तिकिटाच्या खिडकीपर्यंत चालत जायचं. खिडकीवरचा माणूस सांगेल तेच खरं.

आत पाचूचा बुद्ध आहे, नाव पाचूचं, मूर्ती हिरव्या जेड दगडाची, जेमतेम ६६ सेंटिमीटर उंच. उन्हाळा, पावसाळा, हिवाळा असे तिचे तीन पोशाख आहेत आणि ते बदलायचा मान राजाचा. लोक तिथे रांगेत उभे राहतात आणि बाहेरच्या ओवऱ्यांकडे बघतही नाहीत. माझं म्हणणं उलट: ओवऱ्यांतच रेंगाळा. सावली आहे, टेकायला जागा आहे, आणि भिंतींवर १७८ चित्रांत अख्खं रामकियन, म्हणजे त्यांचं रामायण. आई भराभर ओळखतील. सेतू बांधतानाचं चित्र शोधा. त्यांचा हनुमान ब्रह्मचारी नाही बरं का, रावणाच्या मत्स्यकन्येच्या प्रेमात पडलेला आहे. माझ्या सासूबाई त्या भिंतीपाशी अर्धा तास उभ्या होत्या आणि नंतर दिवसभर "असं कसं" म्हणत होत्या. पॅलेस १७८२ मध्ये पहिल्या रामाने बांधायला घेतला, तिथले राजे रामच म्हणवतात, आत्ताचे दहावे.

तिथून वाट फो दहा-पंधरा मिनिटं चालत. तिकीट ३०० बाहत. पहुडलेला बुद्ध ४६ मीटर लांब, एका नजरेत मावतच नाही. तळपायावर शिंपल्यांची १०८ शुभचिन्हं जडवलीत, आणि पाठीमागच्या बाजूला ओळीने १०८ वाडगी. सुट्या नाण्यांची वाटी विकत घेऊन प्रत्येकात एकेक टाकत जायचं. त्या किणकिणाटात मी कितीही वेळ बसू शकते. आवारातच थाई मसाजची जुनी शाळा आहे, पायांचा मसाज करून घ्या. गुडघ्यांना हात लावायचा नाही हे आधी खुणेने सांगा, ती मंडळी जोर लावतात. एवढं झालं की सनम चाईवरून मेट्रोने हॉटेल. त्या दिवशी आणखी काही करू नका. केलंत तर मला कळवू नका.

रविवारी सकाळी एकतर चाटुचाक, नाहीतर वाट अरुण. दोन्ही नको. चाटुचाक हजारो गाळ्यांचा बाजार आहे, दहाच्या आत जा आणि बारापर्यंत निघा, पुढे नुसती भट्टी. गर्दीत पर्स पुढे. वाट अरुणला जायचं तर वाट फोसमोरच्या ता तिएन धक्क्यावरून पलीकडे नेणारी छोटी होडी असते, पाचेक बाहत. तिकीट २०० बाहत. मधल्या शिखराच्या पायऱ्या उभ्या आहेत, आईंनी चढायची गरज नाही, चिनी मातीच्या तुकड्यांची फुलं खालूनच जास्त छान दिसतात. दुपारी जिम थॉम्पसनचं घर, नॅशनल स्टेडियम स्टेशनजवळ. सागवानी जुनी घरं जोडून बांधलेलं, थाई रेशमाला जगात नेणारा हा अमेरिकन १९६७ मध्ये मलेशियाच्या डोंगरात फिरायला गेला आणि परत आलाच नाही. गाइडसोबतच आत सोडतात, त्यामुळे निवांत.

सोमवार रिकामा ठेवा. खरेदी, चिट लोमजवळ एरवान देवळात चतुर्मुख ब्रह्मा, आणि ज्या गोष्टीसाठी शनिवारी जीव राहिला नाही ती. चारच्या सुमारास हॉटेलवरून बॅगा उचला.

जेवण. फिश सॉस खरंच बहुतेक सगळ्यात असतो, ऑयस्टर सॉस पालेभाजीतही. तोंडी "व्हेजिटेरियन" म्हटलं की लोक हसून हो म्हणतात आणि मासा वेगळा काढून देतात. त्यापेक्षा पिवळ्या पाटीवरचं लाल थाई अक्षर शोधा, उच्चार "जे". तो शुद्ध शाकाहाराचा प्रकार, त्यात मांस, मासे, अंडं, दूध, लसूण, कांदा काहीच नाही. मॉलच्या फूड कोर्टमध्ये बहुधा एक तरी जे स्टॉल असतो, पाकिटांवरही हे चिन्ह छापतात. थाई अक्षरांतलं एक वाक्य फोनमध्ये सेव्ह करून ठेवा: मांस, मासा, अंडं, फिश सॉस नको. बोलू नका, दाखवा. आपलं जेवण हवंच असेल तर सिलोम रस्त्यावरच्या मारियम्मन देवळाच्या आसपास दक्षिण भारतीय खानावळी आहेत, आणि साम योत स्टेशनजवळ पाहुरत म्हणून भारतीयांची पेठ. फळं मात्र पोटभर खा. मॅंगोस्टीन मिळालं तर सोडू नका. ड्युरियन हॉटेलात आणायला मनाई असते, वास लागला की कारण कळेल.

मुसाफिर_काका

नदीकाठ, हे सगळं वाचून मीच परत जावं म्हणतो. ग्रुप टूरचं म्हणणं अर्धं मागे घेतो.

पैशांचं कोणी लिहिलं नाही, म्हणून दोन ओळी. थोडे बाहत रोख हवेतच, मंदिरं, बोटी, ठेले सगळं रोखीवर. आगमनाच्या हॉलमधल्या काउंटरवर भाव वाईट मिळतो, सगळ्यात खाली रेल लिंकच्या मजल्यावर बदलून देणारे बसतात, तिथे बरा. कार्डावर परदेशी व्यवहार निघण्यापूर्वी चालू करून घ्या. मशीनने "रुपयांत की बाहतमध्ये" विचारलं तर डोळे मिटून बाहत. रुपयांत घेतलंत तर त्यांचा भाव लागतो. एटीएमचं शुल्क दर वेळी २०० बाहतच्या वर, म्हणून थोडे थोडे काढत बसू नका.

आणि प्रवास विमा! वयस्कर माणूस सोबत असताना तो टाळायचा नाही. आईंच्या गोळ्या मूळ पाकिटात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, केबिन बॅगेत. कोडीनसारखी काही औषधं तिथे नियंत्रित आहेत, खोकल्याचं औषध नेत असाल तर त्यात काय आहे ते वाचा.

खिडकीवाली

दोन कायदे राहिले. ई-सिगारेट तिथे बेकायदा आहे, कोणासाठी नेऊ-आणू नका. राजघराण्यावर थट्टा किंवा पोस्ट अजिबात नको, त्यासाठी खरोखर तुरुंग होतो. सकाळी आठ आणि संध्याकाळी सहाला स्टेशनांत राष्ट्रगीत लागतं, सगळे जागच्या जागी थांबतात. आपणही थांबायचं.

बकुळ

सर्वांचे मनापासून आभार. साला डेंगजवळ हॉटेल घेतलं, गुरुवारच्या रात्रीसकट, आणि सातला येतोय असं ईमेलही गेलं. मावशीला हा धागा पाठवला. तिने विचारलंय, पुढच्या वेळी मीही येऊ का?

शेवटची शंका: मेट्रोत जिने किती? आई आत्तापासून विचारतेय.

नदीकाठ

स्टेशनांत लिफ्ट असते, पण प्रत्येक दाराला नसते. नकाशावर बाहेर पडायच्या दारांचे आकडे असतात, ज्याच्यापुढे व्हीलचेअरचं चिन्ह तेच दार धरा, भले शंभर पावलं जास्त पडोत. सरकते जिने बहुतेक दारांना आहेत, पण काही ठिकाणी फक्त वर जाणारे, उतरायला साधे. एमआरटीला बऱ्याच व्हिसा, मास्टर कार्डांचा थेट टॅप चालतो, एकीचं कार्ड एकीलाच, दोघींना दोन लागतील. बीटीएसचं तिकीट वेगळं काढायचं. सुटी नाणी जवळ ठेवा, मशीनपाशी रांगेत उपयोगी पडतात.

मावशींना म्हणावं, बॅग लहान ठेवणार असाल तर या.